मनोहर माळगावकर : पलटणीतून कादंबरीकडे

लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगावकर (१९१३–२०१०) यांची पहिली कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते सत्तेचाळिशीला टेकले होते. तोवर शिकारी, सरकारी अधिकारी, सैनिक आणि खाणमालक असे चार उद्योग त्यांचे करून झाले होते. त्यांनी लिहिले इंग्रजीत, पण त्यांचे विषय बऱ्याच अंशी मराठी मुलखातून आले : आंग्र्यांचे आरमार, देवासचे पवार, कोल्हापूरचे छत्रपती, बिठूरचे नानासाहेब पेशवे. मराठी वाचकाला ते माहीत असतात ते बहुधा पु. ल. देशपांडे यांनी अनुवादलेल्या ‘कान्होजी आंग्रे’मुळे. त्यांच्यातला कादंबरीकार मात्र सैन्यात घडला.

देवास थोरली पाती या संस्थानात त्यांचे आजोबा दिवाण होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ज्या महाराजांचा १९२१ मध्ये खासगी चिटणीस होता, ते तुकोजीराव पवार याच संस्थानचे. त्यामुळे दरबार, मानपान आणि संस्थानी थाटामागची ओढाताण यांच्या गोष्टी माळगावकरांच्या घरातल्याच होत्या. शिक्षण धारवाडला झाले आणि मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी इंग्रजी व संस्कृत घेऊन मिळवली. त्यानंतर काही वर्षे राजेरजवाडे आणि साहेबलोकांसाठी वाघाच्या शिकारी आयोजित करण्याचा व्यवसाय केला. पुढे त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि वन्यजीवांच्या रक्षणासाठी आग्रहाने लिहिले. शिकारीनंतर छावणी प्रशासनात नोकरी झाली आणि १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ते सैन्यात दाखल झाले.

त्यांची रेजिमेंट म्हणजे आजची मराठा लाइट इन्फन्ट्री. तिच्या सर्वांत जुन्या पलटणीची, ‘जंगी पलटणी’ची, उभारणी १७६८ सालची, रेजिमेंटचे केंद्र बेळगावला. याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला; घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला. माळगावकरांच्या नोकरीचा काही भाग प्रतिहेरगिरीत आणि सेनेच्या मुख्यालयात गेला. कागदावरचे युद्ध, कार्यालयातली कुजबूज, बढतीसाठीची चढाओढ हे सारे त्यांनी तिथे जवळून पाहिले. ‘स्पाय इन अँबर’, ‘द गार्लंड कीपर्स’, ‘बँडिकूट रन’ या त्यांच्या हेरकथांना लागणारा माल याच काळातला.

त्यांच्या सैनिकी नोकरीची दहा वर्षे भारतीय सेनेच्या इतिहासात विलक्षण उलथापालथीची होती. देहरादूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ साली निघाली, तरी युद्धापूर्वी पलटणींचे अधिकारी बहुतेक गोरेच होते. युद्धाने भारतीय अधिकाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढवली. एका मेसमध्ये जेवणारे, एकच रीत पाळणारे हिंदू, मुसलमान, शीख अधिकारी १९४७ मध्ये दोन सैन्यांत वाटले गेले. पलटणी फुटल्या, तोफा, गाड्या आणि मेसच्या चांदीच्या भांड्यांचीही वाटणी झाली. काही महिन्यांतच काश्मीरमध्ये कालचे सोबती समोरासमोर आले. हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांतल्या फार थोड्यांनी तो कादंबरीत मांडला, म्हणून माळगावकरांचे काम मोलाचे आहे.

१९५२ च्या सुमारास ते सैन्यातून बाहेर पडले आणि लोंढ्याजवळच्या जगलबेटच्या जंगलात राहू लागले. मँगनीजच्या खाणी चालवल्या, लोकसभेची निवडणूक लढवून हरले. लेखन सुरू झाले ते याच काळात. पहिले पुस्तक, १९५९ चे ‘कान्होजी आंग्रे’, चरित्र होते आणि ते सैनिकाच्या नजरेने लिहिलेले आहे : किनाऱ्यावरचे किल्ले, वाऱ्याची दिशा, लहान गलबतांनी मोठ्या जहाजाला घेरण्याची पद्धत यांवर त्यात बारकाईने लक्ष दिलेले दिसते. इंग्रजांनी ज्याला चाचा ठरवले, तो आपल्या किनाऱ्याचा कायदेशीर रखवालदार होता, हे त्यांनी इंग्रजी वाचकापुढे ठासून मांडले.

पुढच्याच वर्षी ‘डिस्टंट ड्रम’ आली. नायक किरण गरुड हा ‘सातपुडा’ या काल्पनिक रेजिमेंटचा अधिकारी. गोऱ्या वरिष्ठांकडून शिकलेली सचोटीची रीत तो स्वतंत्र भारतात पाळू पाहतो आणि राजकारण्यांच्या व बाबूंच्या जगात अडचणीत येतो. त्याचा पाकिस्तानात गेलेला मित्र अब्दुल जमाल त्याला काश्मीरच्या आघाडीवर भेटतो; दोघे शत्रू म्हणून उभे असतात आणि मित्र म्हणून बोलतात. कादंबरीत पहिलेपणाच्या खुणा आहेत. प्रेमकथा बेतलेली वाटते, ब्रिटिश अधिकाऱ्यांबद्दलचा आदर कधी कधी भाबडा होतो. मेसमधले आणि आघाडीवरचे प्रसंग मात्र अस्सल उतरले आहेत, कारण तिथे लेखकाला काही कल्पावे लागलेले नाही.

त्यानंतरची चार वर्षे त्यांच्या लेखणीच्या भराची. आसामातल्या चहामळ्यावरची ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ १९६२ ची. १९६३ च्या ‘द प्रिन्सेस’मध्ये बेगवाड या काल्पनिक संस्थानाचा युवराज अभयराज आपल्या राज्याचा शेवट स्वतः सांगतो. देवासच्या पवारांवरचा त्यांचा इतिहासग्रंथ त्याच वर्षीचा. एकाच विषयाची कागदपत्रे एका हाताने आणि कथा दुसऱ्या हाताने लिहावी, असे हे जोडकाम आहे. १९६४ ची ‘अ बेंड इन द गँजेस’ अंदमानच्या तुरुंगातून फाळणीच्या पंजाबात येते. अहिंसेची शपथ घेतलेला ग्यान तलवार तिच्यात खुनी होतो, क्रांतिकारक देवी-दयाल दंगलीत सापडतो. फाळणीतली हिंसा त्यांनी झाकून ठेवली नाही आणि एका धर्माच्या पदरातही टाकली नाही. १९७२ च्या ‘द डेव्हिल्स विंड’मध्ये नानासाहेब पेशवे १८५७ ची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगतात. इंग्रजी बखरींतल्या राक्षसाला स्वतःची बाजू मांडू देणे हे त्या काळी धाडसाचे होते. गांधीहत्येच्या कटावरचे ‘द मेन हू किल्ड गांधी’ हे १९७८ चे पुस्तक कादंबरी नाही, पण त्यातली तपशिलांची शिस्त तीच आहे.

त्यांच्या लेखनात उणिवा आहेत. योगायोगांवर त्यांची भिस्त फार, आणि स्त्रीपात्रे क्वचितच स्वतःच्या पायांवर उभी राहतात. ते स्वतःला गोष्ट सांगणारा मानत, आणि गोष्ट सांगण्यात ते वाकबगार होते यात शंका नाही.

१९९२ च्या ‘कॅक्टस कंट्री’त ते पुन्हा युद्धाकडे वळले. विषय १९७१ चे बांगलादेश युद्ध, आणि नायक अस्लम चिश्ती हा पाकिस्तानी सेनेतला तरुण अधिकारी. भारतीय सेनेच्या कर्नलने वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर समोरच्या सैन्यातल्या माणसाच्या मनात शिरून कादंबरी लिहिली, ही भारतीय युद्धकथेतली दुर्मीळ गोष्ट आहे. १४ जून २०१० रोजी जगलबेटलाच त्यांचे निधन झाले. कान्होजींच्या चरित्रापाशी थांबलेल्या मराठी वाचकाने ‘डिस्टंट ड्रम’ आणि ‘कॅक्टस कंट्री’ ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक जरूर वाचावीत.