मोहोर आणि मौन : पापनिवेदनाच्या गुप्ततेचे स्थलांतर

इंग्रजीत ‘कन्फेशन’ हा एकच शब्द चर्चमध्ये आणि न्यायालयात वापरला जातो. मराठीत मात्र ‘पापनिवेदन’ आणि ‘कबुलीजबाब’ असे दोन शब्द आहेत. निवेदन स्वेच्छेने केले जाते, तर जबाब घेतला जातो. चर्चमधील अत्याचार आणि पापनिवेदनाची गुप्तता यांविषयीच्या अलीकडच्या चर्चेत हा भेद पुसला गेला आहे. परिणामी कोणाच्या शब्दाला संरक्षण आहे आणि कोणाच्या मौनाला नाही, हा मूळ प्रश्न धूसर झाला आहे. येथे त्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घ्यावयाचा आहे.

गुप्ततेचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत ठामपणे मांडला गेला. प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, असे बंधन याच परिषदेने घातले. पापनिवेदन उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात कोंडावे, असेही तिने ठरविले. बंधन आणि संरक्षण एकाच वेळी आले, यात संगती आहे. ज्याला बोलणे भाग पाडले, त्याचे बोलणे सुरक्षित ठेवणेही भाग होते. म्हणजे ही मोहोर बोलणाऱ्यासाठी आहे. ऐकणाऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी नव्हे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, ते १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले व १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतले. मरोळ आणि मंडपेश्वर येथील चर्चचे अवशेष या कालखंडाची साक्ष देतात. पोर्तुगीज ‘कोंफेसार’पासून कोकणीत ‘कुमसार’ शब्द घडला तो याच संपर्कातून. मात्र शब्दाबरोबर विषम सत्तासंबंधही आला. मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, पापनिवेदनात सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते.

या सत्तेचा दुरुपयोग चर्चला अज्ञात नव्हता. पापनिवेदनाच्या निमित्ताने लैंगिक मागणी करणाऱ्या धर्मगुरूंविरुद्धची कारवाई १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी सर्व ख्रिस्ती जगताला लागू केली. १७४१ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी अशा धर्मगुरूची तक्रार करणे पीडित व्यक्तीचे कर्तव्य ठरविले. येथवर व्यवस्था मौन मोडण्यास सांगत होती, हे लक्षणीय आहे. परंतु १९२२ आणि १९६२ च्या व्हॅटिकनच्या सूचनांनी या चौकशीवरच शपथबद्ध गुप्तता लादली. पापनिवेदकाच्या शब्दांभोवतीची मोहोर अशा रीतीने संस्थेच्या दप्तरावर जाऊन बसली. मी यालाच गुप्ततेचे स्थलांतर म्हणतो. अत्याचाराच्या प्रकरणांतील ‘पोपची गुप्तता’ डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाली. पापनिवेदनाची मोहोर मात्र अबाधित राहिली. याचा अर्थ, या दोन गोष्टी भिन्न आहेत हे चर्चनेच मान्य केले.

गोवंडीतील शिवाजीनगरच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट दिसतो. २०१५ मध्ये तेथील एका धर्मगुरूने अल्पवयीन मुलावर अत्याचार केला; डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पॉक्सो न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. कुटुंबाने मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांची भेट घेतली होती. पोलिसांना तत्काळ कळवायला हवे होते, हे कार्डिनलनी २०१९ मध्ये बीबीसीजवळ मान्य केले. यात कोणीही पापनिवेदन केले नव्हते. मुलाने घरी सांगितले आणि घरच्यांनी चर्चला. मोहोर कोठेच नव्हती, तरीही मौन होते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ अन्वये एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पती-पत्नी आणि वकील-पक्षकार यांच्या संवादाला संरक्षण दिले, धर्मगुरूला नाही. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही हीच स्थिती आहे.

म्हणून खरा पेच एकाच ठिकाणी उरतो : गुन्हेगार स्वतः पापनिवेदनात गुन्हा सांगतो तेव्हा. व्हॅटिकनच्या २०१९ च्या टिपणानुसार, त्याने न्यायव्यवस्थेपुढे हजर व्हावे अशी अट क्षमादानाला घालता येत नाही. येथे धर्मविधी आणि कायदा यांचा संघर्ष वास्तव आहे आणि तो शब्दच्छलाने मिटणार नाही. त्याच टिपणात, अत्याचारग्रस्ताने पापनिवेदनात आपबीती सांगितल्यास तक्रारीच्या मार्गांची जाणीव त्याला करून द्यावी, असेही म्हटले आहे.

परंतु हा अरुंद पेच संपूर्ण प्रश्नाचे प्रतिनिधित्व करू लागला, की त्याच्या आडोशाला कार्यालयीन मौन पवित्र ठरते. निवेदनाची गुप्तता जपण्याचा अधिकार मागणाऱ्या संस्थेने जबाब देण्याचे टाळले, तर तिची मागणीही दुबळी होते. पीडित मुलाचे बोलणे हे पापनिवेदन नव्हे. ती साक्ष आहे, आणि साक्षीवर मोहोर उमटवण्याचा अधिकार कोणत्याही परिषदेने कोणालाही दिलेला नाही.