बीदर–कलबुर्गी : कोरड्या सीमाभागाचा इतिहास, पाण्याच्या अंगाने

पवित्र शास्त्रातील ‘अरण्य’ हा शब्द कानी पडताच मराठी श्रोत्याच्या मनापुढे दाट झाडीचे चित्र उभे राहते. वस्तुतः इस्राएल लोक ज्या प्रदेशातून फिरले, तो खडकाळ, तुरळक पावसाचा, जेमतेम मेंढरे चारण्याजोगा मुलूख होता. आपल्याकडील ‘माळरान’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे वाळवंट नव्हेत. परंतु पावसाळा हुकला की येथील माळ किती निर्दय होतो, हे त्या भागात सेवा करणाऱ्यांना ठाऊक आहे. या सीमाभागाचा इतिहास सामान्यतः राजे व लढाया यांच्या क्रमाने सांगितला जातो. आम्ही येथे तो पाण्याच्या अंगाने पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून खाली मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गुरू नानकांच्या आगमनाची परंपरा सांगणारा नानक झिरा, पापनाशाचे मंदिर व नरसिंह झरणीची गुहा ही तिन्ही स्थाने अशा झऱ्यांपाशीच आहेत. दक्षिणेकडे कलबुर्गीत काळी जमीन लागते. ज्वारी व तूर ही तेथील मुख्य पिके. आपल्या घराघरांतील शहाबादी फरशीही तिकडचीच. बीदरकडील बरेचसे पाणी मांजरेवाटे गोदावरीला मिळते, तर कलबुर्गीचे भीमेवाटे कृष्णेला. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर व बीदर ओलांडते आणि तेलंगणात जाते. तिला वाटेत मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा भेटतात.

१३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी आरंभी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती. अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला नेली. इराणातील किरमान प्रांतातल्या शाह निमतुल्ला या सूफी संतावर त्याची श्रद्धा होती. त्या संताचा नातू नूरुल्ला बीदरला येऊन राहिला. किरमान हा खराखुरा वाळवंटी प्रांत असून, जमिनीखालून पाणी वाहून आणण्याची विद्या तेथे पुरातन काळापासून चालत आलेली आहे. इराणशी जुळलेल्या या संबंधांच्या काळातच ती विद्या ‘कारेझ’ या नावाने बीदरच्या जांभ्यात उतरली, असे मानले जाते.

कारेझची रचना थोडक्यात अशी : उंचावर भूजल लागेल तेथे मूळ विहीर खणावयाची, तेथून अगदी मंद उताराचा बोगदा खोदीत न्यावयाचा आणि ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवावयाच्या. या विहिरींतून खोदकामाची माती वर निघते, आत हवा खेळते आणि पुढे गाळ काढण्यासाठी उतरताही येते. पाणी मोटेविना, केवळ उताराने वाहते. उन्हापासून झाकलेले असल्याने ते आटून जात नाही. बीदरजवळील नौबादची कारेझ दोन किलोमीटरांहून अधिक लांब असून तिच्यावर अशा एकवीस विहिरी आढळल्या आहेत. शुक्लतीर्थ व जमना मोरी या तेथील अन्य दोन कारेझ होत. मराठी वाचकाला छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, नहरी परिचित आहेत. ही योजना त्याच कुळातली.

तथापि पाणी आणि धान्य सर्वांच्या वाट्याला सारखे आले, असे समजण्याचे कारण नाही. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल व जुन्नर या मार्गाने बीदरला आला. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यांतील लोक मात्र दैन्यात राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा मनुष्य ख्रिस्ती होता. त्याची धर्मपुस्तके प्रवासारंभीच व्होल्गा नदीकाठी लुटली गेली होती. त्यामुळे पुनरुत्थानाचा सण कधी येतो हे त्याला कळेना आणि तो अंदाजानेच उपवास पाळीत राहिला. मंडळीवाचून, पुस्तकावाचून एकाकी श्रद्धा टिकविणाऱ्या या प्रवाशाची आठवण एकटे काम करणाऱ्या आपल्या उपदेशकांना व्हावयास हरकत नाही.

त्याच बीदरची स्मृती मराठी मनात दामाजीपंतांच्या कथेने राहिली आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बीदरच्या बादशहाचे देणे फेडले, अशी ती भक्तिकथा आहे. कोठार भरलेले असताना प्रजा का मरावी, हा तिच्यातील प्रश्न पुढील शतकांतही सुटला नाही. १८७१ पर्यंत रेल्वेमार्ग गुलबर्ग्यावरून रायचूरला पोहोचला होता, तरीही १८७६–७८ च्या महादुष्काळात हैदराबाद संस्थानच्या पश्चिम भागात माणसे अन्नावाचून मेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेथोडिस्ट मिशनचे काम या भागात रुजले. ज्यांनी सुवार्ता स्वीकारली ते बहुतांशी अस्पृश्य गणलेल्या समाजांतील होते. गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकता येत नसे. कोणी वरून ओतील तेवढेच पाणी. शोमरोनी स्त्रीच्या विहिरीवरील संवादाचा अर्थ अशा श्रोत्यांना भाष्याची वाट न पाहता कळत असला पाहिजे. जमिनीत पाणी असणे ही एक गोष्ट आणि ते घेण्याचा अधिकार असणे ही निराळी, हे या भागाच्या इतिहासाचे दुसरे पान आपण विसरू नये.

तिसरे पान रक्ताचे आहे. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी हत्याकांड केले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने संस्थान संपुष्टात आले आणि त्यानंतर सूडाच्या लाटेत असंख्य मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांच्याबरोबर बीदर व गुलबर्गा यांची नावे घेतली आणि प्रेतांनी भरलेल्या विहिरी पाहिल्याचे नमूद केले. ज्या विहिरी जीवनासाठी खणल्या, त्या थडगी झाल्या. या दोन्ही घटना एकत्रच सांगावयास हव्यात. एक सांगून दुसरी लपविणे हे सत्यकथन नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला. उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्याकडे आले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. सीमेवरील मराठी गावांचा वाद १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही मिटला नाही. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. आपली भाषा टिकावी ही मागणी न्याय्यच आहे. परंतु आकाश कोरडे पडले म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंस सारखेच कोरडे पडते. २०१६ साली मांजरेवरील धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

दरम्यान कारेझ विस्मरणात गेली होती. तिच्या विहिरी माती व कचऱ्याने भरल्या, त्यांवर बांधकामे झाली. भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी गेल्या दशकात तिचा मार्ग पुन्हा शोधला, आणि नौबाद येथे गाळ उपसण्यात आला.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाने हेच केले. अब्राहामाच्या काळच्या, शत्रूंनी मातीने बुजविलेल्या विहिरी त्याने पुन्हा खणल्या. पहिल्या नव्या विहिरीवर भांडण झाले, दुसरीवर वैर. तिसरीस त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. तो सीमा आखीत बसला नाही, खणत पुढे गेला. आपल्या सेवकवर्गाला या भागात करावयाचे काम याहून निराळे नाही. ज्या गावी आपण जातो तेथील विहीर कोणी खणली, तिच्यावर कोणाला मनाई होती, ती कोणी बुजविली, हे वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्यांच्या शेजारी त्या माहितीलाही जागा असावी. ती सांगणारी पिढी आता थकत चालली आहे.