घरी बांधलेले पाण्याखालचे रोबोट

केबलने काठाशी किंवा जहाजाशी जोडलेले, आत माणूस न बसता चालणारे पाण्याखालचे यंत्र दिमित्री रेबिकॉफ यांनी १९५३ मध्ये बनवले. त्याचे नाव ‘पूडल’. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब अमेरिकी नौदलाने ‘कर्व्ह’ या अशाच यंत्राच्या मदतीने वर काढला. पण ही महागडी यंत्रे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती.

हॅरी बोम आणि विकी जेन्सन यांच्या १९९७ च्या पुस्तकाने हे तंत्र घराघरांत नेले. त्यातूनच अमेरिकेतील शाळांमध्ये ‘सीपर्च’ हा पाण्याखालचा साधा रोबोट रुजला. त्याचा सांगाडा पीव्हीसी नळ्यांचा असतो. छोटी मोटर कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत बसवून भोवती मेण भरतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वर तरंगते फ्लोट आणि खाली वजन यांचा तोल साधला, की यंत्र ना बुडते ना वर येते. मग पंखे त्याला हवे तिकडे नेतात.

२००२ मध्ये विद्यार्थ्यांसाठी अशा रोबोटची ‘मेट’ स्पर्धा सुरू झाली. २००४ मध्ये फिनिक्सच्या कार्ल हेडन शाळेतील चार मुलांनी तीत ‘स्टिंकी’ हा पीव्हीसीचा रोबोट उतरवून अमेरिकेतील नामांकित एमआयटी या संस्थेच्या संघालाही मागे टाकले. साधनांची वानवा असूनही मिळवलेले हे यश आजही प्रेरणा देते. २०१२ मध्ये ‘ओपनआरओव्ही’ या प्रकल्पाने लोकवर्गणीतून निधी उभारला आणि आराखडे सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे हा छंद शाळा-महाविद्यालयांबाहेरच्या हौशी मंडळींपर्यंतही पोहोचला.