घराचा व्यवहार आणि गोतसभा

फलटणात आज घर विकणारा प्रथम भरवशाचा दलाल शोधतो. मराठेशाहीत मिरासदार घर वा शेत विकत असे, तेव्हा हा भरवसा गोतसभा देई. परगण्याचे देशमुख (फलटणास नाईक-निंबाळकर), गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत. लिहिता न येणाऱ्यांच्याही निशाण्या कागदावर उमटत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. भाऊबंदाचा हिस्सा दडवून विकणे अवघड. तो समोरच बसलेला! गावाची मर्जी सांभाळण्याचा जाच मात्र होताच.

आज 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदवावी लागते. पण कचेरी दस्त नोंदवते, मालकी पारखत नाही. हिस्सेदार किती, बोजा कोणाचा, हे आधी विचारणाराच दलाल निवडावा. गोताचे तेवढे काम आता त्याच्याकडे आले आहे.