घर झाडणारा यंत्रदास : घ्यावा कीं न घ्यावा ?

आपोआप घरभर फिरून जमीन झाडणारें एक वाटोळें, थाळीएवढें यंत्र अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांत दिसूं लागलें आहे. बाजारांत त्यास रोबोट व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. तें घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न आज मध्यम स्थितीच्या कुटुंबांत वारंवार निघतो. मी इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य. यंत्रांचा जाणकार नव्हे. म्हणून कोणत्याहि कंपनीच्या मालाची शिफारस मी करणार नाहीं. परंतु केर काढण्याच्या साधनांचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर ह्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें त्यांतच सांपडतें, एवढें मला दाखवावयाचें आहे.

अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील ग्रँड रॅपिड्स येथें मेल्व्हिल बिसेल ह्यानें १८७६ सालीं गालिचे झाडण्याच्या एका ढकलयंत्राचें पेटंट घेतलें. चाकें फिरलीं कीं आंतला ब्रश फिरे व केर पेटींत जमा होई. योगायोग असा, कीं हातीं खराटा घेऊन महाराष्ट्रांतील गांवें झाडणाऱ्या गाडगेमहाराजांचा जन्महि त्याच सालचा. बिसेलनें झाडण्याचें साधन सुधारलें. महाराजांनीं झाडणाऱ्याच्या हातास प्रतिष्ठा दिली. ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आपण लक्षांत ठेवूं. पुढें त्याचा उपयोग होईल.

पंचवीस वर्षांनीं, म्हणजे १९०१ सालीं, लंडनमध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ नांवाच्या इंजिनियरानें धूळ काढण्याचा एक प्रयोग पाहिला. त्या यंत्रांतून जोराची हवा सोडून धूळ उडविली जाई. पण उडालेली धूळ बहुतेक पुन्हां तेथेंच बसे. हवा फुंकण्याऐवजीं ओढून कां घेऊं नये, असा प्रश्न बूथला पडला. त्यानें एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला व तोंडानें जोरानें श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला. ह्या साध्या प्रयोगांतून व्हॅक्यूम क्लीनर जन्मास आला. पहिलें यंत्र एवढें अवजड होतें, कीं तें घोड्यांच्या गाडीवर घालून रस्त्यांत उभें करीत आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरांत सोडीत. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासमयीं वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या प्रार्थनामंदिरांतील गालिचे ह्याच यंत्रानें साफ केले.

बूथच्या प्रयोगापासून मिळणारा पहिला धडा हा, कीं धूळ हलविणें निराळें आणि धूळ घराबाहेर काढणें निराळें. आजच्या फिरत्या यंत्राची केराची पेटी लहान असते. ती वेळच्या वेळीं रिकामी केली नाहीं, गाळणी झटकली नाहीं, ब्रशांत गुंतलेले केस कापून काढले नाहींत, तर तें यंत्र डौलानें फिरत राहतें खरें. पण धूळ जागच्या जागींच राहते.

बूथची गाडी श्रीमंतांच्या दारापुढें उभी राही. सामान्य घरांत यंत्र आणलें तें ओहायओ प्रांतांतील कँटन शहरच्या जेम्स मरे स्पँगलर ह्या झाडलोट करणाऱ्या नोकरानें. त्याला दम्याचा विकार होता व झाडतांना उडणारी धूळ सोसत नसे. १९०७ सालीं त्यानें विजेचा पंखा, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा एकत्र करून एक यंत्र जुळविलें. १९०८ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि तें घोड्यांचा चामडी सरंजाम करणाऱ्या विल्यम हूव्हर ह्यानें विकत घेतलें. पुढें हूव्हर हें नांव इंग्लंडांत घर झाडण्याच्या क्रियेसच लागलें. केर काढणाऱ्याच्या छातींतील दम्यामुळें घरगुती यंत्र निर्माण झालें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

आतां कोणीहि म्हणेल, कीं यंत्र आल्यावर गृहिणीचा वेळ वांचला असेल. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. जोअ‍ॅन व्हॅनेक ह्या विदुषीनें १९७४ सालीं अमेरिकेंतील जुन्या पाहण्या तपासून दाखविलें, कीं नोकरी न करणारी गृहिणी १९२० नंतरच्या दशकांत आठवड्यास सुमारें ५२ तास घरकाम करीत असे, व १९६० नंतरच्या दशकांत सुमारें ५५ तास. मधल्या काळांत घरोघर विजेचीं यंत्रें आलीं होतीं. तास मात्र कमी झाले नाहींत. रूथ श्वार्ट्झ कौअन ह्यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्याचें कारण उलगडलें. पूर्वीं जड गालिचे वर्षांतून एकदोनदां बाहेर नेऊन बडवीत, आणि त्या कामास पुरुष व मुलें हात लावीत. यंत्र आल्यावर तेंच काम दर आठवड्याचें झालें व एकट्या गृहिणीवर पडलें. काम सोपें झालें, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि मदतीचे हात गेले. हा दुसरा धडा.

आपल्या देशांत ही कहाणी थोड्या निराळ्या मार्गानें गेली. १९८२ सालीं युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि तिचे विक्रेते मुंबई-पुण्याच्या घरोघर जाऊन युरोक्लीन नांवाचें यंत्र चालवून दाखवूं लागले. गादींतून निघालेली धूळ पाहून घरचीं माणसें थक्क होत. परंतु विकत घेतलेलें यंत्र कित्येक घरांत थोड्याच दिवसांत माळ्यावर गेलें. ह्यांत यंत्राचा दोष नव्हता. तें गालिच्यांच्या देशांत जन्मलेलें. आपल्या घरांत शहाबादी, मोझाइक किंवा गुळगुळीत लाद्यांची जमीन. ती केरसुणीनें चटकन झाडून होते आणि झाडल्यावर ओल्या फडक्यानें पुसावी लागतेच. लक्ष्मीपूजनास जिची पूजा होते ती केरसुणी आपल्या जमिनीस साजेशी होती, म्हणून ती टिकली.

ह्यानंतर आलें स्वयंचलित यंत्र. रोबोट हा शब्द कारेल चापेक ह्या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर पसरला. तो त्याला भाऊ योसेफ ह्यानें सुचविला होता. ज्या मूळ शब्दापासून तो निघाला, त्याचा अर्थ वेठ. घरकामास असा वेठीचा यंत्रदास मिळावा, ही इच्छा पुढें ऐंशी वर्षांनीं फळास आली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनें आपल्या ट्रायलोबाइट यंत्राचा नमुना १९९६ सालीं इंग्लंडांतील दूरदर्शनवर दाखविला व २००१ सालीं तें विक्रीस आणलें. २००२ सालीं अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीनें रूंबा हें यंत्र सुमारें दोनशें डॉलरांस विकावयास काढलें. तें आंधळ्या कोशिंबिरीप्रमाणें भिंतीस आपटून दिशा बदलीत असे. २०१० सालीं नीटो कंपनीनें लेझर किरणांनीं अंतरें मोजून खोलीचा नकाशा करणारें यंत्र आणलें, आणि फिरण्यांत शिस्त आली. आपल्याकडे २०२० सालच्या टाळेबंदींत मदतीस येणारीं माणसें येईनाशीं झालीं, तेव्हां ह्या यंत्रांकडे लोकांचें लक्ष वळलें. त्याच एप्रिलांत शाओमी कंपनीनें झाडणारें व पुसणारें यंत्र १७,९९९ रुपयांस आगाऊ मागणीवर देऊं केलें.

तिसरा धडा ह्या अलीकडच्या काळाचा आहे. केरसुणी घेतली कीं ती आपली होते. हें यंत्र मात्र पुष्कळदां दूरच्या कंपनीच्या यंत्रणेस बांधलेलें असतें. नीटो कंपनीचा कारभार २०२३ सालीं बंद झाला. २०२५ सालीं तिची दूरस्थ सेवाहि थांबली आणि गिऱ्हाइकांचीं धडधाकट यंत्रें केवळ अंगावरची कळ दाबून चालविण्यापुरतीं उरलीं. रूंबाच्या कंपनीस १७० कोटी डॉलरांस विकत घेण्याचा ॲमेझॉनचा २०२२ सालचा करार जानेवारी २०२४ मध्यें मोडला, व डिसेंबर २०२५ मध्यें त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय ह्या यंत्रांपैकीं कांहींना डोळे, म्हणजे कॅमेरे, असतात. चांचणीच्या यंत्रांनीं घरांत टिपलेलीं खासगी छायाचित्रें, तीं तपासणाऱ्या परदेशांतील कंत्राटी कामगारांकडून समाजमाध्यमांवर गेल्याचें २०२२ सालीं एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू ह्या नियतकालिकानें उघडकीस आणलें. तीं विक्रीचीं यंत्रें नव्हतीं, हें खरें. तरी कॅमेऱ्याचें यंत्र घरांत फिरविण्यापूर्वीं गृहस्थानें विचार करावा, हें त्यावरून दिसतें.

आतां हिशेब मांडूं. समजा, यंत्राची किंमत ३०,००० रुपये; तें पांच वर्षें टिकलें; त्या मुदतींत बॅटरी, ब्रश व गाळण्या मिळून १२,००० रुपये गेले. एकूण ४२,००० रुपये, म्हणजे महिन्यास ७००. घर झाडण्यास रोज २५ मिनिटें लागत असतील, आणि खुर्च्या उचलणें, तारा गुंडाळणें व पेटी रिकामी करणें ह्यांत १० मिनिटें जात असतील, तर रोज १५ मिनिटें व महिन्यास साडेसात तास वांचतात. एका तासास सुमारें ९३ रुपये पडले. परंतु वर्षाअखेर तेंच यंत्र माळ्यावर गेलें, तर नुसत्या किंमतीचा बोजा महिन्यास २,५०० रुपये होतो. प्रत्येकानें आपल्या घरचे आंकडे घालून हें गणित सोडवावें. आणखी एक उपाय सुचवितों. यंत्र आणण्यापूर्वीं आठ दिवस, तें रोज सकाळीं दहा वाजतां येणार आहे असें समजून जमीन मोकळी करून ठेवावी. घरचीं माणसें चौथ्याच दिवशीं कंटाळलीं, तर पैसे राखून ठेवावे.

ह्या गणितांत मीं एक आंकडा मुद्दाम घातलेला नाहीं. तो म्हणजे केर-फरशीस येणाऱ्या बाईंचा पगार. अनेक घरांत यंत्राची किंमत त्या पगाराशीं ताडून पाहतात. यंत्र सपाट जमीन झाडतें व वरवर पुसतें. उंच उंबरठा त्यास ओलांडवत नाहीं. जिना, न्हाणीघर, भांडीं, खिडक्यांच्या कडा ह्यांस तें शिवत नाहीं. १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं पगारवाढ व हक्काची सुटी ह्यांसाठीं संप केला, आणि पुढें २००८ सालीं महाराष्ट्रांत घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. एवढ्या कष्टानें मिळालेल्या जागेवरून त्यांचा पगार कापून यंत्राचे हप्ते फेडणें, ह्याला काटकसर म्हणतां येत नाहीं. तो खर्च दुसऱ्याच्या पदरचा होय. झाडणाऱ्या हाताची प्रतिष्ठा आपण गाडगेमहाराजांकडून शिकलों असूं, तर यंत्रानें बाईंचें वांकणें कमी करावें, वेतन नव्हे.

तेव्हां निर्णय असा. ज्या घराची जमीन सलग व मोकळी आहे. जेथें गुडघे दुखणारीं वृद्ध माणसें एकटीं राहतात, किंवा स्पँगलरप्रमाणें कोणास उडत्या धुळीचा त्रास होतो. आणि जेथें केर काढण्याचा सारा भार एकाच व्यक्तीच्या पाठीवर आहे, तेथें हें यंत्र अवश्य घ्यावें. घेतांना तें टेलिफोनवांचून नुसत्या कळीनें चालतें काय, सुटे भाग व दुरुस्ती आपल्या गांवांत मिळते काय, आणि कॅमेऱ्यावांचून काम भागतें काय, हे तीन प्रश्न दुकानदारास विचारावे. ज्या घरांत उंबरठे उंच, सामान दाटीचें, आणि घरांतल्या माणसांनीं आपापला केर उचलण्याची संवय नाहीं, तेथें तें घेऊं नये. पेटी रिकामी करण्याचें काम कोण करणार, हें मात्र खरेदीपूर्वींच ठरवावें. तें पुन्हां घरांतल्या त्याच बाईकडे जाणार असेल, तर पैसे खर्चूनहि तिची पाठ मोकळी होणार नाहीं.