वेगळे ताट



माझ्या माहेरी, पूर्णेच्या काठच्या गावी, ओसरीतल्या कोनाड्यात एक जर्मलचे ताट पालथे ठेवलेले असे. ते आत्याचे ताट. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व डोक्यात लाल चट्टे असत आणि त्यांवरून रुपेरी कोंडा झडे. “मोठा रोग आहे, लेकरांनी जवळ जाऊ नये,” असे घरात बोलले जाई. सासरच्यांनी तिला कायमचे माहेरी पाठविले होते. ती गेली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. पुढे चाळिशीत माझ्याच कोपरांवर तसे चट्टे उठले, तेव्हा आधी ते ताट डोळ्यांपुढे आले.

भीतीपोटी मी कोणाला सांगितले नाही. दुकानातून गजकर्णाचे मलम आणून सहा महिने चोळले. चट्टे दबत आणि मलम थांबताच दुप्पट उठत. अखेर परभणीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, “हा सोरायसिस आहे. स्पर्शाने, ताटाने, अंथरुणाने तो कोणाला होत नाही.” आत्याची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “न पाहिलेल्या रोग्याची खात्री देता येत नाही. पण वर्णन याचेच वाटते.” मग एवढी मोठी चूक घडली कशी, हे जाणून घ्यावेसे वाटले. जे समजले ते येथे मांडते.

चुकीचे मूळ एका शब्दात आहे. जुन्या आयुर्वेदात त्वचेच्या कितीतरी रोगांना ‘कुष्ठ’ हे एकच नाव होते. चरकसंहितेत त्याचे १८ प्रकार आहेत : ७ महाकुष्ठे व ११ क्षुद्रकुष्ठे. त्यांतल्या एककुष्ठात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते. आजचे अनेक वैद्य सोरायसिस त्यातच बसवितात. वैद्यांना भेद ठाऊक होता, पण लोकांच्या तोंडी कुष्ठ म्हणजे महारोग एवढेच उरले.

युरोपातही तोच घोटाळा झाला. ग्रीक भाषेत ‘लेप्रा’ म्हणजे खवल्यांचा रोग. पुढे तेच नाव महारोगाला चिकटले. १८०८ साली लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी सोरायसिसचे नीट वर्णन केले, तरी त्याच्या एका प्रकाराला त्यांनी लेप्राच म्हटले. १८४१ साली व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी हे नाव सोरायसिसवरून काढून टाकले. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेन यांना महारोगाचा जंतू सापडला. सोरायसिसचा असा जंतू नाही. शरीराची रक्षण करणारी व्यवस्थाच चुकून त्वचेला डिवचते. एरवी महिनाभर चालणारी कातडीची घडण तीन-चार दिवसांत होऊ लागते व खवल्यांचे थर साचतात.

औषधांच्या इतिहासात आपल्या मुलखाचेही नाव आहे. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली पिवळी भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात येई. गजकर्णावरची ही ‘गोवा पावडर’ सोरायसिसलाही लागू पडते, हे १८७६ साली लंडनच्या डॉ. बाल्मानो स्क्वायर यांच्या ध्यानात आले. तिच्याच धर्तीवर १९१६ साली जर्मनीत डिथ्रानॉल हे औषध निघाले. आपल्या बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. त्याच जातीचे औषध देऊन विशिष्ट किरणांचा शेक देण्याची रीत १९७४ साली अमेरिकेतून पुढे आली. मात्र घरी बावची लावून उन्हात बसू नये. कातडी भाजून निघते.

आज मलमे, किरण, गोळ्या व इंजेक्शने, सारे आहे. रोग मुळातून जाईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण तो ताब्यात राहतो. स्नानानंतर ओलसर अंगाला व्हॅसलीन लावावे, खवले वजरीने घासू नयेत. स्टिरॉईडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत व चालू असतील तर एकदम सोडू नयेत. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रक्त तपासत घ्यायची असते. दिवस गेलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीने ती मुळीच घेऊ नये. बोटांचे सांधे सुजले, नखांवर खळगे पडले, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

पूर्वी आपल्याकडच्यांना मोठ्या इलाजासाठी दूर जावे लागे. १९५६ साली औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले; परभणीत ते २०२३ साली सुरू झाले. आता दूरचे कारण उरले नाही, लाजेचे तेवढे उरले आहे.

आणखी एक गोष्ट. आत्याला महारोग असता, तरी तिचे ताट वेगळे करणे योग्य नव्हतेच. तोही १९८२ पासूनच्या बहुविध औषधांनी पूर्ण बरा होतो. तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातले महारोगाचे कारण २०१९ साली गळाले. कायदा सुधारला, घरे सुधारणे आपल्या हाती आहे.

हळदीकुंकवाला कोणी बाई पदराखाली हात लपविताना दिसली, तर तिचा हात आपल्या हाती घ्यावा आणि डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावे. माझ्या आत्यासाठी हे कोणी केले नाही. मीही नाही.