ऑनलाइन खेळांत दुबळ्यांना अभय

एकाच आभासी जगात हजारो खेळाडू वावरू लागले की निष्णात खेळाडूने नवख्याला सोडावे की लुटावे, हा प्रश्न उभा राहतो. १९९७ मध्ये ओरिजिन सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने आणलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये शहराबाहेर कोणीही कोणालाही ठार मारून त्याचा ऐवज लुबाडू शकत असे. त्याची सर्वाधिक झळ नवख्यांना बसली. वारंवार खून करणाऱ्यांची नावे लाल अक्षरांत दाखवणे, शहरातील पहारेकऱ्यांकडून त्यांना शासन करवणे, असे उपाय योजूनही लूटमार थांबली नाही. अखेर २००० मध्ये हे जग दुभंगण्यात आले. 'ट्रॅमेल'मध्ये संमतीविना हल्ला अशक्य झाला; 'फेलुका'त जुनाच शिरस्ता राहिला. बहुसंख्य खेळाडूंनी ट्रॅमेल जवळ केले.

२००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने निराळा मार्ग धरला. तेथे फारच खालच्या पातळीवरील प्रतिस्पर्ध्याला मारल्यास सन्मानाचे गुण मिळत नाहीत.

अशा नियमांमुळे दुबळ्यांना संरक्षण लाभते. मात्र संरक्षण म्हणजे दया नव्हे. मारण्याची मुभा असतानाही हात आवरणे, ही खरी दया. तिला वाव उरला तो फेलुकातच.